डोंगरचे फूल आणि रात्रीचा पाहुणा

बागेची हौस माणसाला कोठे नेईल याचा नेम नाही. उन्हाळ्याच्या सुटीत कुमाऊँ, दार्जिलिंग अथवा उटीकडे फिरून आलेली सुरतेची मंडळी घरी परततात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एका लाल फुलाचे कौतुक हमखास असते. त्या फुलाला उत्तराखंडात बुरांश म्हणतात, नेपाळात गुरांस म्हणतात आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव ऱ्होडोडेंड्रॉन असे भारदस्त आहे. हे फूल आपल्या अंगणात फुलावे असे कित्येकांना वाटते. कोणी रोपवाटिकेत चौकशी करतो, कोणी डोंगरातून ओल्या कापडात गुंडाळून एखादे रोपही आणतो. ते रोप बहुधा पहिला उन्हाळा पाहात नाही.

त्याच अंगणात त्याच दिवसांत दुसरी एक तक्रार चाललेली असते. कोपऱ्यातल्या बदामाच्या झाडावर रात्री वटवाघळे येतात, भिंतीवर डाग पाडतात, सकाळी पोर्चमध्ये फळांचा चोथा आणि कोयी पडलेल्या सापडतात. मग सोसायटीच्या सभेत विषय निघतो. झाड तोडावे असे एकजण सुचवतो, दुसरा त्याला दुजोरा देतो आणि तिसरा परवानगीचा अर्ज लिहावयास बसतो.

जे फूल येथे कधी येऊ शकत नाही त्याचा ध्यास घ्यावा आणि जो प्राणी न बोलावता येतो त्याच्या वाटेवरचे झाड तोडावे, हा बागेचा उलटा न्याय आहे. बाग म्हणजे आपल्या इच्छेचे चित्र नव्हे. ती जागेची माती, पाणी, ऊन आणि तेथले जीव यांच्याशी केलेली तडजोड असते. ही तडजोड ज्याला साधली त्याच्या अंगणात लाल फूलही फुलते आणि रात्रीचा पाहुणाही सुखाने येऊन जातो. ती कशी साधावी, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम बुरांशाचे पाहू. ऱ्होडोडेंड्रॉन या कुळीत हजारभर जाती आहेत आणि हिमालय हे त्यांचे मोठे माहेर आहे. जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ सालापासून सिक्कीमच्या डोंगरांत हिंडून त्यांतील अनेक जाती नोंदवल्या आणि पुढे विलायतेच्या बागांत त्यांचे वेड पसरले. आपल्या देशात सर्वांत परिचित असलेला तांबडा बुरांश हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे. नेपाळचे राष्ट्रीय फूलही तेच. दक्षिणेत त्याचा एक भाऊबंद निलगिरी, पळणी आणि अण्णामलईच्या माथ्यांवर उगवतो. मधल्या अवाढव्य प्रदेशात मात्र तो नाही. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या शिखरांवर, अगदी कळसूबाईवरसुद्धा, तो आपण होऊन उगवत नाही.

याचे कारण त्याच्या मुळांत आहे. बुरांशाची मुळे केसासारखी बारीक असून मातीच्या वरच्या थरातच पसरतात. कुजलेल्या पानांची भुसभुशीत, आंबट गुणाची माती त्यांना लागते. त्या मुळांशी एक सूक्ष्म बुरशी सहवासाने राहते आणि त्या आंबट मातीतून झाडाला अन्न मिळवून देते. चुन्याचा अंश असलेली माती या झाडाला मानवत नाही, तीत त्याची पाने पिवळी पडतात. मुळाशी पाणी साचले तर ते कुजते आणि मुळे तापली तर ते सुकते. थोडक्यात, पायाशी गारवा, अंगावर धुके आणि रात्री थंडी असा त्याचा थाट आहे.

आता सुरतेची जमीन कशी आहे ते पाहावे. शहर तापीच्या मुखाजवळ, समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर उंचीवर वसलेले आहे. भोवतालची माती काळी, चिकण, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात आणि तिच्यात चुन्याचे खडे सापडतात. बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने आभाळ कोरडे राहते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि समुद्राजवळच्या गावाच्या रात्रीही उबदारच असतात. अशा ठिकाणी बुरांश लावणे म्हणजे माशाला वाळूत पोहावयास सांगणे होय. कुंडीत वेगळी माती भरून, सावलीत ठेवून, पावसाचे पाणी घालून त्याला काही महिने जगवता येईल. परंतु उन्हाळ्यातल्या उबदार रात्रींवर कोणताही उपाय कुंडीत भरता येत नाही. डोंगरातून रोप उपटून आणणे तर सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. त्यात डोंगराचे नुकसान होते आणि अंगणाला लाभ होत नाही.

मग लाल फुलाची हौस सोडून द्यावी काय? मुळीच नाही. बुरांश लाल का असतो हे समजले म्हणजे त्याचा पर्याय आपोआप सापडतो. लाल रंग पक्ष्यांच्या डोळ्यांत भरतो. डोंगरातले पक्षी त्या फुलांतील मधासाठी येतात आणि पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. सपाट प्रदेशात हेच काम करून घेणारी झाडे निसर्गाने अगोदरच लावून ठेवली आहेत. पळस, पांगारा आणि काटेसावर ही तीन झाडे माघ-फाल्गुनात पाने गाळून लाल-केशरी फुलांनी पेटून उठतात. पळसाला गुजरातीत केसूडो म्हणतात आणि होळीचा रंग त्याच्या फुलांपासून करण्याची चाल सुरतेला नवी नाही. या झाडांना काळी माती चालते, उन्हाळा चालतो. ज्याला बुरांशाची आठवण जागती ठेवायची आहे त्याने दारी पांगारा लावावा. त्याला जागा थोडी लागते आणि फांदी लावूनही तो सहज वाढतो.

या तिघांपैकी काटेसावर ही विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण तिच्यापाशी या विषयाची दोन्ही टोके एकत्र येतात. दिवसा तिच्या जाडजूड लाल फुलांवर मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे यांची दाटी होते. अंधार पडला की तोच मध पिण्यासाठी वटवाघळे येतात. एकाच झाडाचे दिवसाचे पाहुणे वेगळे, रात्रीचे वेगळे.

वटवाघूळ हा शब्द मोठा बोलका आहे. वडावर राहणारे वाघूळ ते वटवाघूळ. गुजरातीत त्याला वागोळ म्हणतात. म्हणजे सुरतेतील मराठी आणि गुजराती शेजारी या प्राण्याला एकाच मुळाच्या शब्दाने हाक मारतात. इतके असूनही दोघांनाही त्याच्याविषयी माहिती थोडी आणि भीती फार. त्याला कोणी पक्षी समजतो, कोणी उडणारा उंदीर समजतो. वस्तुतः तो दोहोंपैकी एकही नाही. वटवाघूळ सस्तन प्राणी आहे, त्याची मादी पिलाला दूध पाजते आणि त्याचे कूळ उंदराच्या कुळाहून सर्वस्वी निराळे आहे. हाताची बोटे लांबून त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी म्हणजे त्याचा पंख. जगात वटवाघळांच्या सुमारे चौदाशे जाती आहेत आणि भारतात त्यांपैकी सव्वाशेच्या आसपास आढळतात.

घरगुती बागेच्या दृष्टीने त्यांचे दोन वर्ग करावेत. एक फळे आणि मध खाणारा, दुसरा किडे खाणारा. पहिल्या वर्गात मोठे वटवाघूळ येते. त्याचे पंख पसरले म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सव्वा ते दीड मीटर भरतात आणि ते वड, पिंपळ, चिंच, निलगिरी अशा उंच झाडांवर दिवसा उघड्यावर लटकलेले असते. त्याच वर्गात आखूड नाकाचे लहान फळवाघूळ येते. शहरी अंगणातला खरा नित्याचा पाहुणा हाच. ताडाच्या झावळीखाली किंवा आसोपालवाच्या दाट पानोळ्यात फांद्या कुरतडून त्याचा नर एक लहानसा तंबू तयार करतो आणि त्यात माद्यांसह राहतो. दुसऱ्या वर्गात त्या चिमुकल्या पाकोळ्या येतात, ज्या दिवेलागणीला गच्चीवर आणि रस्त्याच्या दिव्याभोवती झपझप वळणे घेताना दिसतात. त्यांचे वजन अवघे काही ग्रॅम असते आणि भिंतीच्या फटीत, छपराच्या कौलाखाली, झाडाच्या सालीमागे त्यांचे घर असते.

या दुसऱ्या वर्गाच्या प्राण्यांनी माणसाला पुष्कळ काळ कोड्यात टाकले होते. इटलीतील स्पालान्झानी नावाच्या विद्वानाने १७९३-९४ च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की, डोळे नसलेले वटवाघूळ अंधाऱ्या खोलीत न धडकता उडते, परंतु कान बंद केले की ते गोंधळते. याचा उलगडा व्हावयास सुमारे दीडशे वर्षे जावी लागली. १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी यंत्राच्या साहाय्याने दाखवून दिले की, वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य आणि अडथळे ओळखते. मोठे फळवाघूळ हे करीत नाही. ते डोळ्यांनी पाहते आणि नाकाने पिकल्या फळाचा वास घेते. त्यामुळे वटवाघूळ आंधळे असते हा समज खोटा आहे, आणि ते माणसाच्या केसांत अडकते हाही.

आता त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न व्यवहारी सुरतेत कोणीही विचारील. रात्री उमलणारी, फिकट रंगाची, उग्र वासाची आणि जाड पाकळ्यांची फुले पाहिली की ती वटवाघळांसाठी आहेत असे बहुधा समजावे. गोरखचिंच, पांढरी सावर आणि किगेलिया ही त्याची उदाहरणे. उद्यानांतून दिसणारा, लांब दोऱ्यांना दुधी भोपळ्यासारखी फळे टांगलेला किगेलिया मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या फुलांचे फलन येथील वटवाघळे कशी करतात, याचे वर्णन चार्ल्स मॅककॅन यांनी १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. झाड परक्या खंडातले, परंतु त्याची सेवा करणारा प्राणी त्याला येथे भेटला. सुरतेच्या पूर्वेला डांगच्या जंगलात मोहाच्या रसाळ फुलांसाठी वटवाघळे येतात आणि जाताजाता मोहाचे फलन करून जातात. पहाटे तीच फुले वेचून आदिवासी कुटुंबे आपला संसार चालवतात.

बीज पसरवण्याचे काम तर याहून मोठे. वटवाघूळ फळ चावून रस गिळते, चोथा थुंकते आणि वड, उंबर, पिंपळ यांचे बारीक बी अर्ध्या तासाच्या आतबाहेर उडता उडताच विष्ठेवाटे टाकते. मोठ्या वटवाघळाची एका रात्रीची फेरी कित्येक किलोमीटरांची असते. पक्षी बहुधा फांदीवर बसून बी टाकतो, वटवाघूळ मोकळ्या माळावरून जाताना टाकते, आणि उजाड जागेला नेमकी त्याचीच गरज असते. ज्या वडाच्या सावलीत गाव बसते त्या वडाचे बी तेथे कोणी टाकले असेल, याचा विचार कुऱ्हाड उचलण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.

अशा पाहुण्याला अंगणात बोलवायचे तर काय करावे? फळवाघळांसाठी वेगळे काही करावे लागत नाही. पेरू, जांभूळ, उंबर, बदाम, रामफळ यांपैकी एखादे झाड पुरे. जागा अगदी लहान असेल तर केळीचा एक गड्डा लावावा. केळफुलाचे एक एक तांबूस पान उचलले जाते तसा खाली मध साठतो आणि रात्री वटवाघूळ तेथे येते. सुरतेत उधना, लिंबायत भागांत राहणाऱ्या, खानदेशातून आलेल्या कुटुंबांना केळीची लागवड शिकवावी लागणार नाही. झाड लावताना एवढेच पथ्य पाळावे की, ते घराच्या भिंतीपासून आणि वाळवणाच्या दोरीपासून चार-पाच मीटर दूर असावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. काटेसावर मात्र घराशेजारी लावू नये. ती वीस मीटरांवर वाढते आणि तिला काटे असतात. शाळेचे मैदान, नदीकाठ, सोसायटीचा सामाईक भूखंड ही तिची योग्य जागा.

पाकोळ्यांसाठी बागेत रात्रीचे किडे हवेत आणि किड्यांसाठी रात्रीची फुले हवीत. रातराणी, निशिगंध, पारिजातक, जाई, जुई ही झाडे पतंगांना ओढून आणतात आणि पतंगांच्या मागे पाकोळ्या येतात. ज्यांच्यापाशी केवळ एक गॅलरी आहे त्यांनाही निशिगंधाची कुंडी ठेवता येते. दुसरे पथ्य, कीटकनाशकाचा फवारा शक्य तो टाळावा. किडे मेले तर पाकोळी येणार नाही, आणि विष खाल्लेला किडा तिने खाल्ला तर तीही मरेल. तिसरे पथ्य दिव्यांचे. बागेत रात्रभर प्रखर दिवे जाळल्याने पुष्कळ जातींची वटवाघळे ती जागा टाळतात. दारापुरता एक मंद दिवा पुरेसा असतो. पाकोळ्या आल्या म्हणजे डास नाहीसे होतील असे मात्र समजू नये. त्या नाना प्रकारचे किडे खातात, त्यांत डासही असतात. डासांचा बंदोबस्त मात्र साचलेले पाणी काढूनच करावा लागतो.

पाकोळ्यांसाठी लाकडी पेटी टांगण्याची पद्धत थंड देशांत रूढ आहे. ती येथेही करून पाहता येते, मात्र तेथले नियम जसेच्या तसे उचलू नयेत. पेटी रंग-रोगण न लावलेल्या खडबडीत फळ्यांची असावी, उंची साधारण साठ सेंटिमीटर, आतली पोकळी दोन सेंटिमीटर एवढीच अरुंद, आणि तळ उघडा. आतल्या फळीवर करवतीने आडव्या खाचा पाडाव्यात, म्हणजे नखांना पकड मिळते. ती जमिनीपासून चार-पाच मीटर उंच, मांजर चढू शकणार नाही अशा भिंतीवर लावावी. थंड देशांत ती भर उन्हात लावतात. सुरतेत तसे केले तर पेटीची भट्टी होईल. तेव्हा तिला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल असे पाहावे. पेटीत पाहुणे यावयास वर्ष लागेल, दोन वर्षे लागतील, कदाचित ते येणारही नाहीत. जुन्या झाडाची ढोली आणि जुन्या घराची फट त्यांना पेटीपेक्षा अधिक पसंत असते. म्हणून नवी पेटी टांगण्यापेक्षा जुने झाड राखणे हे श्रेष्ठ.

पाण्याचाही विचार हवा. वटवाघूळ उडता उडता पाण्याच्या पृष्ठभागाला स्पर्श करून पिते. त्यामुळे चिमणीसाठी ठेवलेली वाटी त्याच्या उपयोगी पडत नाही, त्याला तळे लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपीने बांधलेले आणि पुढे कोरडे पडलेले गोपी तलाव २०१५ साली दुरुस्त होऊन पुन्हा भरले, तेव्हा माणसांच्या करमणुकीबरोबर अशा मुक्या जीवांचीही सोय झाली. सामाईक बागेत लहानसे उघडे कुंड करता आले तर उत्तम, परंतु त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे अवश्य सोडावेत. उन्हाळा या प्राण्यांना किती जाचक होतो याचा दाखला २०२० च्या मे महिन्यात मिळाला. गोरखपूर जिल्ह्यात एका आमराईत पुष्कळ वटवाघळे एकाएकी मरून पडली. लोक साथीच्या भीतीने हादरले. तपासणी झाली तेव्हा मृत्यूचे कारण कडक उष्मा हे निघाले.

येथे भीतीचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. वटवाघळांच्या अंगी काही विषाणू असतात ही गोष्ट खरी आहे. निपाह या रोगाची साथ २००१ साली सिलिगुडीत आणि २०१८ साली केरळात कोळिकोड भागात आली आणि त्या विषाणूचे मूळ घर मोठे वटवाघूळ हेच आहे. बांगलादेशात वटवाघळांनी उष्टावलेला खजुरीचा कच्चा रस प्यायल्याने हा रोग माणसांत आल्याचे दिसून आले. दक्षिण गुजरातेत हिवाळ्यात पहाटे नीरा पिण्याची आवड आहे. तेव्हा झाडाला बांधलेले मडके जाळीने किंवा चटईने झाकणे हे शहाणपण होय. जमिनीवर पडलेले, दातांच्या खुणा असलेले फळ खाऊ नये, मुलांना खाऊ देऊ नये. वटवाघूळ जिवंत असो वा मेलेले, उघड्या हाताने धरू नये. चुकून चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखान्यात जावे. ते खोलीत शिरले तर पंखा बंद करावा, दिवा मालवावा, खिडकी सताड उघडावी आणि बाहेर थांबावे. ते आपल्या वाटेने निघून जाते. एवढी काळजी घेतल्यावर भिण्याजोगे फारसे उरत नाही.

२०२० साली करोनाची साथ पसरली तेव्हा वटवाघळांवर सगळा राग निघाला. ठिकठिकाणी त्यांना हुसकावण्याची मागणी झाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दक्षिण आशियातील साठाहून अधिक अभ्यासकांनी एकत्र येऊन जाहीर निवेदन केले की, येथील वटवाघळांपासून माणसाला हा रोग जडल्याचा पुरावा नाही, आणि त्यांना हुसकावणे हा उपाय नव्हे. हुसकावलेले वटवाघूळ नाहीसे होत नाही, ते घाबरून दुसऱ्या वस्तीत जाते.

भीती आणि ज्ञान यांतला फरक सुरतेला निराळा शिकवण्याची जरुरी नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली तेव्हा लाखो लोकांनी गाव सोडले. ती भीती होती. त्यानंतर महानगरपालिकेने गल्लीगल्लीतील कचरा उचलला, गटारे साफ केली आणि दोन-तीन वर्षांत हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. ते ज्ञान होते. भीतीने शहर रिकामे केले, ज्ञानाने ते राहण्याजोगे केले. वटवाघळाच्या बाबतीतही हेच दोन मार्ग खुले आहेत.

कायद्यानेही आपली दृष्टी बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे कावळे आणि उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. त्यामुळे त्यांना मारण्यास आडकाठी नव्हती. त्यांच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असते या समजुतीपायी पुष्कळ वटवाघळे मारली गेली. त्या समजुतीला वैद्यकाचा काही आधार नाही. २०२२ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती यादीच काढून टाकली.

फळबागवाल्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सुरतेच्या दक्षिणेस नवसारी, गणदेवी, अमलसाड येथे आणि पुढे डहाणू-घोलवडपर्यंत चिकूच्या बागा आहेत. त्या शेतकऱ्याला वटवाघूळ हा चोर वाटला तर त्यात नवल नाही. परंतु वटवाघळाला पिकलेले फळ हवे असते आणि चिकू तर पिकण्यापूर्वीच उतरवतात. तोडणी वेळेवर झाली तर नुकसान पुष्कळ कमी होते. घरच्या एखाद्या झाडावरील निवडक फळांना कापडी पिशवी बांधता येते. सैल, बारीक नायलॉनचे जाळे मात्र टाकू नये. त्यात वटवाघळांबरोबर घुबडे आणि पक्षीही अडकून तडफडून मरतात. जाळे लावायचेच तर ते जाड धाग्याचे, पांढरे आणि चौकटीवर ताणून बसवलेले असावे.

उरला प्रश्न भिंतीवरच्या डागांचा आणि पोर्चमधील कोयींचा. लहान फळवाघूळ झाडावर बसून खात नाही. फळ तोडून ते जवळच्या आडोशाला नेते आणि तेथे लटकून खाते. हा आडोसा बहुतेक वेळा पोर्चचे छत असतो. तेथे चार-सहा कापडी पट्ट्या वाऱ्यावर हलतील अशा टांगाव्यात किंवा संध्याकाळी काही दिवस एक दिवा लावून ठेवावा. पाहुणा आपली पंगत दुसरीकडे हलवतो, म्हणजे बहुधा झाडाखालीच. डाग ओल्या फडक्याने पुसले जातात, कोयी केरसुणीने गोळा होतात. वीस-पंचवीस वर्षे वाढलेले झाड मात्र एकदा पडले की केरसुणीने उभे करता येत नाही. शिवाय वटवाघळाच्या मादीला वर्षातून एक-दोनच पिले होतात, मोठ्या वटवाघळाला तर वर्षाला एकच. पिले अंगाशी असताना झाड पाडले तर त्या वर्षाची सारी पिढी जमिनीवर येते.

जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत आला होता. येथे व्यापाऱ्यांनी आजारी जनावरांसाठी चालवलेले रुग्णालय पाहून त्याला मोठा अचंबा वाटला आणि त्याने त्याचे वर्णन आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले. ज्या नगरीने तीनशे वर्षांपूर्वी थकल्या बैलासाठी जागा राखली, तिला आज एका झाडाची फांदी राखणे जड जाऊ नये. वटवाघूळ रुग्णालय मागत नाही, दाणापाणी मागत नाही. अंधार, एक जुने झाड आणि दिवसा स्वस्थ झोप एवढेच त्याचे मागणे आहे.

सोसायटीच्या पुढील सभेत झाड तोडण्याचा ठराव आला, तर कोणीतरी उठून दोन दुरुस्त्या सुचवाव्यात. झाड राहू द्यावे आणि पोर्चला पट्ट्या टांगाव्यात, ही पहिली. मागच्या मोकळ्या भूखंडावर पावसाळ्याच्या तोंडाशी एक काटेसावर लावावी, ही दुसरी. सहा-आठ वर्षांनी एका फाल्गुनात ती लाल होईल. सकाळी तिच्याखाली उभे राहणाऱ्याला डोंगरातल्या बुरांशाची उणीव वाटणार नाही, आणि रात्री तिच्या फुलांवर कोण येऊन जाते हे पाहावयास मुले गच्चीवर थांबतील.